पडद्यावरून परत वाचणारा सुधाकर

आमच्या सुधाकरला तुम्ही काहीही सांगा, तो मुकाट ऐकून घेईल. पण त्यानं तुम्हाला काही सांगितलं, की तुमची सुटका नाही. लगेच विचारणार, "मी काय म्हटलं, सांग बरं?"

सुधाकर माझा चुलतभाऊ. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संगणकावर कामाला होता आणि रजेवर मंगरूळपीरला आला होता. पहिल्याच दिवशी किराणा दुकानात "पाव किलो साखर" म्हणाला आणि वर, "मी काय मांगतलं?" हा वजनमापवाला साहेब असावा, या भीतीनं शेठजींनी तराजू पुसला आणि मूठभर साखर जास्तच घातली.

आणीबाणी नुकतीच होऊन गेलेली. गल्लीत बातमी पसरली, मास्तरचा भाऊ सीआयडी आहे! लोक मला पाहूनही गप्प होऊ लागले. मला आपलं बरंच वाटलं. माझ्या भूगोलाच्या तासाला कधी कोणी गप्प बसलं नव्हतं.

ही खोड कामातून लागली, असं त्यानं एकदा ओसरीवर समजावलं. सी नावाच्या भाषेत तो यंत्राला हुकूम लिहितो. मग टीव्हीसारख्या पडद्यावर एक चौकट आखून तिच्यात अक्षरं उमटवतो आणि तीच अक्षरं यंत्राकडून चौकटीतून परत वाचून घेतो.

त्याची आई, म्हणजे माझी काकू, तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. नाव एका अक्षरात आटोपणाऱ्या भाषेवर तिचा आधीच विश्वास नव्हता.

"लिवलं कोनं?"

"मीच, आई."

"मंग वाचून कायले पाह्यतं?"

"लिवलं म्हंजे उमटलंच असं नसते. परत वाचून ताडून पाहा लागते."

"अन् लिवतं काय?"

सुधाकर एकदम गोरामोरा झाला. "कायबी," म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

झालं! काकूनं मला चुलीपाशी ओढलं. "मडम हाये. पक्की! तिलेच लिवते अन् तिचंच वाचते. शेलूबाजारचे पाव्हणे पोरगी दाखवाले येऊन राह्यले. त्यायले काय तोंड दाखवू? तू इचार त्याले."

जेवणं झाल्यावर मी हेर बनून त्याला दर्ग्याच्या रस्त्यानं फिरायला नेलं. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. "तुही मडम कशी हाये?" हे माझं आडून विचारणं.

तो खो खो हसला. मग हळूहळू हसणं थांबलं.

"कोनी नाई रे. तपासाले कायबी ओळ चालते. मी इंग्रजी अक्षरात 'जेवला काय रे, सुध्या?' लिवतो. मशीन ती पडद्यावरून उचलते अन् खाली परत लिवते. जशीच्या तशी आली, की काम झालं."

"पण हेच काहून?"

"तिथं कोनी इचारत नाई ना," तो चप्पल झटकत म्हणाला.

घरी आलो तर काकू दारातच. तो हातपाय धुवायला मागं गेला.

"हाये?"

"नाई."

"मंग लिवते काय थो?"

मी सांगितलं. काकू तशीच मागं वळली. आत जाऊन तिनं विझत आलेली चूल फुंकली, परातीत पीठ घेतलं.

"काकू, आत्ताच तं जेवला थो!"

"तू चूप बस," तिनं तवा ठेवला. "त्याले आवाज दे. म्हणावं, आई भाकर टाकून राह्यली."