बाबांचं गळू आणि खडूची चव

बस चालवणाऱ्या माणसाला गळू कुठेही झालेलं चाललं असतं. नाकावर, कानामागे, अगदी कपाळाच्या मधोमध! पण बाबांना ते झालं नेमकं बसायच्या जागी. डॉक्टरांच्या गोळ्या संपत आल्या, रजा संपत आली, गळू मात्र टुकटुकीत. बाबा उभ्याने जेवत होते, उभ्याने पेपर वाचत होते.

"सोमवारी हजर झालो नाही, तर माझा रूट त्या बडबड्या ड्रायव्हरला देतील!" बाबा कण्हले. वर्षानुवर्षं मागून मिळालेला, समुद्राकाठचा रूट होता तो.

"मग बसही उभ्यानेच चालवा," आई म्हणाली.

शेवटी दोघं औषधांच्या दुकानात थडकली. मागोमाग लेकही. असला तमाशा कोण सोडेल?

"गोळ्या नकली आहेत!" बाबांनी पाकीट काउंटरवर आपटलं.

दुकानातल्या बाईंनी शांतपणे चष्मा वर सरकवला. "कशाबरोबर घेता?"

"कॉफीबरोबर."

"दुधाच्या? अहो, पाण्याबरोबर घ्या म्हणून बजावलं होतं ना! कॅल्शियमही चालू आहे का? ते या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं तरी अंतर हवं."

"दूध चमचाभरच असतं. आणि कॅल्शियम हिला दिलंय, मला नाही! ही घेत नाही, म्हणून मीच रोज सकाळी गुपचूप गोळी चुरून हिच्या दुधात..." बाबांनी जीभ चावली.

आईचे हात कमरेवर गेले. "अस्सं! तरीच म्हटलं, दुधाला खडूची चव कशी!"

"मग पीत कशी होतीस?"

"पितेय कोण? फेकवेना, म्हणून तुमच्या कॉफीत ओतत होते. 'आज काय फक्कड झालीय' म्हणत मिटक्या कोण मारत होतं?"

लेक हसून हसून खालीच बसली. बाबांची तेवढीही सोय नव्हती.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या वाढवून मिळाल्या, यावेळी नुसत्या पाण्याबरोबर. सोमवारी बाबा उशी घेऊन का होईना, पण आपल्याच बसमध्ये बसले. आईसुद्धा आता जेवणानंतर कॅल्शियम गिळते आणि बाबांना तोंड उघडून दाखवते.

पण रविवारी तिने माळ्याकडे बोट दाखवलं. "अहो, ती ट्रंक उतरवा."

"एवढी जड? मीच का?"

"मग कोण? या घरात इतके दिवस कॅल्शियम कोणी खाल्लंय?"