फुकट औषध आणि बेपत्ता रोगी

माझ्या धाकट्या बहिणीचं, मैनेचं, लग्न झालं ते १९६६ साल. त्या मांडवात नवरदेवाच्या मामाचा हरवलेला जोडा मी सव्वा तासात शोधून काढला. तो मामाच्या पायातच होता, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून पातूर ते अकोला या पट्ट्यात शेषराव गुप्तहेर हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. काम गुप्त राहावं म्हणून मीच ते घरोघर सांगून ठेवलं होतं. चाळिशीनंतर अक्षरं शिकलो, म्हणून पुरावा वाचूही शकत होतो. त्याआधी नुसता हुंगत असे.

त्याच वर्षी डिसेंबरात खुशालराव माझ्याकडे आले. पंचायत समितीत त्यांच्या गटाची सत्ता. उन्हाळ्यात निवडणूक, म्हणून दिवाळीत त्यांनी एका जास्तीच्या मतानं ठराव रेटला होता: गावच्या दवाखान्यात औषध फुकट. विरोधी गटाचे सूर्यभानजी सभेत म्हणाले, "रोगी तरी येतील काय?" तेव्हा खुशालरावांनी रागानं ठरावाला शेपूट जोडलं: डिसेंबरात शंभर रोगी न आल्यास दवाखाना सूर्यभानजींच्या गावी न्यावा.

आता वीस तारीख होती आणि रोगी आले होते चार.

"त्या सूर्यभानचंच काम हे," खुशालराव म्हणाले. "लोकायले धमकावून राहिला तो. पुरावा आणा."

मला हे प्रकरण घरचंच होतं. माझी बायको इंदू दम्याची. दवाखान्यातल्या मिश्रणावर तिचा हिवाळा निघे. दवाखाना हलला तर बैलगाडीनं सात कोस जावं लागणार, आणि थंडीत तेवढी वाट तिच्या छातीला झेपणारी नव्हती.

मी घरोघर फिरलो. प्रश्न एकच: "तुमी कोनत्या गटाचे?"

पार्बताबाई खोकत म्हणाल्या, "तुमच्याच."

"मले गट नाई."

"मंग मलेबी नाई."

धमकीचा माग लागेना. मग मी अनुमान काढलं की गावातले रोगच संपले असावेत. अख्खं गाव खोकत होतं, म्हणून ते सोडून द्यावं लागलं. उरला कंपाउंडर धर्मपाल. तोच रोग्यांना परतवून लावत असावा. दोन दिवस मी दवाखान्यामागच्या निंबाआड दबा धरून बसलो.

"शेषरावजी," तो खिडकीतून म्हणाला, "अंदर बसा. तिथं मुंगळे हायेत."

घरी इंदू म्हणे, "अवो, ते बाटली..."

"तपास चालू असताना घरच्या गोष्टी काढू नको."

ती आणखी दोनदा बोलली. मी वहीत 'किरकोळ' खाली नोंद केली.

अठ्ठावीस तारखेला सकाळी इंदूचा श्वास अडकला. भिंतीला टेकून बसली, ओठ निळे. मी दवाखान्याकडे पळालो.

"देतो ना," धर्मपाल म्हणाला. "बाटली आना."

"बाटली?"

"मग ओंजळीत नेता काय?"

औषधाची बाटली रोग्यानं घरून आणायची, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी आजारी पडलो नव्हतो. धर्मपाल मापाच्या पेल्यात मिश्रण ओतून, वर तळहात धरून, माझ्या आधी घरी पोहोचला. दोन घोटांनंतर इंदूला बोलता आलं.

"बाटली तुमीच त देली. ठरावाच्या मिरवनुकीत."

ठराव झाला त्या संध्याकाळी खुशालरावांच्या माणसांनी घरोघरची बाटली नेली होती. बुचाला भोक, आत वात, खाली घासलेट. दीडशे चिमण्यांची मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे मी होतो. ज्या चार घरांनी बाटली दिली नव्हती, तेच चार रोगी.

मी पार्बताबाईंना विचारलं, "सांगतलं कावून नाई?"

"तुमी गट ईचारला. बाटली कोनं ईचारली?"

बाटल्या खुशालरावांच्या माळ्यावर निघाल्या. ते शिडीला आडवे झाले. "मंग जितल्यावर मी काय पेटवू?" मी त्यांना बाजूला केलं. बायांनी राखेनं, उकळत्या पाण्यानं बाटल्या घासल्या. एकतीस तारखेपर्यंत रोगी झाले एकशे सात. मिश्रणाला घासलेटचा थोडा वास होता. तक्रार कोणी केली नाही.

दवाखाना राहिला. खुशालराव अकरा मतांनी पडले. लोक म्हणाले, दवा देली पन बाटली नेली. सूर्यभानजींच्या गटानं निवडून येताच, एका जास्तीच्या मतानं, पहिला ठराव केला: बाटलीही फुकट.

वहीत आरोपीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. इंदूनं ते वाचून घेतलं, माझ्याकडूनच, दोनदा.

त्यानंतर तिनं चौदा हिवाळे काढले. १९८१ च्या पोळ्याला, दुपारी जेवण झाल्यावर, इंदू वारली.