एका राखाडी गाडीची पूर्वचौकशी

कोणत्याही पत्राला उत्तर देण्यापूर्वी त्यातील मजकुराची खातरजमा करून घेणे हे सुसंस्कृत माणसाचे आद्य कर्तव्य होय. माझ्या थोरल्या बहिणीच्या पत्राला मी अकरा आठवडे उत्तर दिले नाही, यावरून माझ्या सुसंस्कृतपणाची कल्पना यावी.

पत्र सतरा ओळींचे होते. भावोजी गेल्यापासून त्यांची गाडी अंगणात नुसती उभी आहे, आपल्याला ती चालवता येत नाही, आणि तीन महिन्यांनी आपण घर बंद करून लेकीकडे कायमच्या राहायला जाणार आहोत, असे ताईने कळवले होते. लेक विमानाने जावे लागते इतकी लांब राहते. तेव्हा गाडी मी घ्यावी. पुढे तिने लिहिले होते, ‘फुकट देत नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूवर तू संशय घेतोस. मेकॅनिक सांगेल ती किंमत दे. पण गाडी बघायला म्हणून तरी एकदा ये. काय ठरतं ते कळव.’

मी चाळीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांचे वर्गीकरण केले. हाती आलेला कागद विषयवार लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. या पत्रात ‘गाडी’ हा शब्द सहा वेळा आला होता आणि ‘ये’ हा शब्द एकदाच. बहुमताचा आदर राखून मी ‘वाहने’ अशी नवी फाइल उघडली आणि पत्र तीत लावले.

जुनी गाडी घेणे हे लग्न जुळवण्याइतकेच जोखमीचे काम आहे, फक्त गाडीच्या बाबतीत लोक चौकशी अधिक करतात. मी या विषयावरची सात पुस्तके वाचली. त्यांच्या आधारे माझा असा निष्कर्ष निघाला, की शंभर जुन्या गाड्यांपैकी चाळीस गाड्या आपला भूतकाळ लपवतात. उरलेल्या साठांनी काय लपवले आहे ते अद्याप सापडलेले नाही. त्यानंतर मी एक मोठी वही घेऊन तीत त्रेचाळीस रकाने आखले. अपघात झाला होता काय, पुरात बुडाली होती काय, मीटर मागे फिरवले आहे काय, चोरीची आहे काय, वगैरे. भावोजी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी गाडी चोरली असण्याची शक्यता मी दोन टक्के धरली. (नात्यामुळे ती शून्यावर आणणे पक्षपाताचे ठरले असते.)

रकाने आखून झाल्यावर बायकोने वहीत डोकावून पाहिले.

“अहो, गाडी घ्यायचीय की जावई करून घ्यायचाय?”

मी हे वाक्य ‘इतर शेरे’ या रकान्यात नोंदवले.

रकाना अकरा होता ‘प्रवासी म्हणून पूर्वानुभव’. तो मला प्रामाणिकपणे भरावा लागला. नऊ वर्षांपूर्वी भावोजींनी ही गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी ते मला फिरवायला घेऊन गेले होते. मी सबंध वेळ एका हाताने दाराची कडी धरून बसलो होतो. वास्तविक भावोजी उत्तम गाडी चालवत होते. मी रिक्षातही असाच बसतो. पण परत आल्यावर ते एवढेच म्हणाले, “उतरा. सुखरूप पोचलात.” त्यानंतर मी त्यांच्या गाडीत बसलो नाही, आणि मला बसवण्याचा आग्रहही कोणी केला नाही. मग मी त्यांच्या घरीही गेलो नाही. भांडण झाले होते असे म्हणता येणार नाही. भांडणासाठी दोघांनी बोलावे लागते. भावोजी गेले तेव्हाही मी ताईला पत्रच लिहिले. (बायको जाऊन आली.)

गाडीचे पहिले मालक एक दंतवैद्य होते. भावोजींनी ती त्यांच्याकडून घेतली होती. अनोळखी माणसाला गाठून ‘तुमची गाडी कशी होती हो’ असे विचारणे माझ्याच्याने झाले नसते. म्हणून मी रीतसर वेळ घेऊन रुग्ण म्हणून गेलो. प्रश्न लिहून खिशात ठेवले होते. मला खुर्चीत आडवे केल्यावर त्यांनी विचारले, कुठे दुखते आहे. काहीतरी दाखवणे भाग होते, म्हणून मी डावीकडे खाली बोट दाखवले. त्यांनी आरसा आत घालून बराच वेळ पाहिले आणि आणखी उशीर केला असता तर कठीण होते, असे सांगितले. पुढचा पाऊण तास माझे तोंड उघडे होते, परंतु बोलण्यासाठी उपलब्ध नव्हते. या भेटीची निष्पत्ती अशी: दाढ एक, गेली, माहिती शून्य. मात्र काढलेली दाढ त्यांनी मला आपणहून दाखवली. ‘पहिला मालक पारदर्शक’ असा शेरा मी रकाना चौदामध्ये घातला.

इथवर सहा आठवडे संपले होते.

बायको मधूनमधून ताईशी फोनवर बोलत असे. (मी फोनवर बोलत नाही. पलीकडच्याचे बोलणे संपले आहे की तो नुसता श्वास घेतो आहे, हे मला ओळखता येत नाही.) एकदा फोनवर हात ठेवून ती म्हणाली, “वन्सं विचारतायत, पत्र मिळालं का?”

“मिळालं म्हणून सांग. कार्यवाही चालू आहे.”

“असंच सांगू?”

“असंच सांग.”

तिने तसेच सांगितले. पलीकडून ताई बराच वेळ हसली, असे बायकोने मला नंतर कळवले. नंतर ताई म्हणाली म्हणे, की शब्दकोश घेतानासुद्धा हा तीन दुकाने हिंडला होता आणि शेवटी ग्रंथालयातलाच वापरत राहिला. ही माहिती बरोबर आहे. फक्त दुकाने चार होती.

“कपाटं रिकामी करायला घेतलीत त्यांनी,” बायको फोन ठेवून म्हणाली. यावर माझ्या वहीत रकाना नव्हता.

गाडी कुठून आली याचा शोध थोडाफार लागल्यावर ती कोणत्या रस्त्याने आणायची, म्हणजे मार्गदर्शनाची कोणती सोय वापरायची, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. माझ्या घरापासून ताईचे घर तेवीस किलोमीटर आहे. मी पर्यायांचा तौलनिक अभ्यास केला.

कागदी नकाशा माझ्याजवळ होताच. ग्रंथालयाने रद्द केलेला, एकतीस वर्षांपूर्वीचा. त्यात उड्डाणपूल नाही आणि नदी थोडी डावीकडे आहे, परंतु घडी घातली की तो गप्प बसतो. दुसरा पर्याय काचेला चिकटवायच्या मोबाइलचा. त्यात एक बाई असते. आपण चुकीचे वळण घेतले तरी ती आवाज चढवत नाही, मुकाट्याने नवा रस्ता शोधते. (माझ्या वरिष्ठांपैकी कोणातही हा गुण नव्हता.) तिसरा पर्याय म्हणजे भावोजींनी हौसेने गाडीतच बसवून घेतलेला, रस्ता दाखवणारा पडदा. त्याच्याविषयी गाडी पाहिल्याशिवाय मत देणे योग्य नव्हते. चौथा पर्याय बायकोने सुचवला: रस्त्यात थांबून माणसांना विचारणे. तो मी फेटाळला. नकाशा उलट प्रश्न विचारत नाही. माणूस हमखास विचारतो, “कुणाकडे जायचंय?”

एकंदर नऊ मार्ग निघाले. सर्वांत जवळचा अडतीस मिनिटांचा होता आणि सर्वांत लांबचा एक तास पन्नास मिनिटांचा. का कोण जाणे, मला तो शेवटचाच सर्वांत सुरक्षित वाटला.

अकराव्या आठवड्यात गाडी मेकॅनिककडे तपासायला आली. ही व्यवस्था बायकोने केली. ताईने किल्ली दिली आणि मेकॅनिकचा माणूस गाडी घेऊन आला, म्हणजे मला तिकडे जावे लागले नाही. गॅरेजमध्ये ऑइलचा वास होता आणि एका डब्यावर पुठ्ठा ठेवून माझ्यासाठी बसायची सोय केली होती. मी वही मांडीवर घेतली. मेकॅनिक बॉनेटमध्ये डोके घालून बोलत होता आणि मी लिहीत होतो. इंजिन ठीक. क्लच ठीक. टायर बदलावे लागतील. माणसाने जीव लावून सांभाळलेली गाडी आहे. दोष एकच, मागच्या बंपरला खरवड आणि तीत हिरवा रंग अडकलेला, कुठल्यातरी गेटला घासली असणार. मी ‘अपघात’ या रकान्यात ‘किरकोळ, स्थळ अज्ञात’ असे लिहिले.

मग मी पडद्याची चौकशी केली. मेकॅनिकने हात पुसले, आत बसून किल्ली फिरवली आणि मला शेजारी बसायला सांगितले. पडदा उजळला. भावोजींनी त्यात नेहमीची ठिकाणे भरून ठेवली होती. घर. दवाखाना. बाजार. मेहुणा.

मेकॅनिकने शेवटच्या नावावर बोट ठेवले. खाली पत्ता आला आणि तारखांची यादी उघडली. केव्हा पोचले, केव्हा निघाले, सगळे होते. त्याने एकदा पडद्याकडे पाहिले आणि एकदा माझ्या वहीच्या पुठ्ठ्याकडे, ज्याच्यावर मी सवयीने नाव आणि पत्ता लिहिला आहे.

“साहेब, एकोणीस वेळा आलीय ही तुमच्याकडे,” तो म्हणाला. “मग तुम्ही हिची माहिती बाहेर कशाला विचारत फिरताय?”

मी यादी वाचली. यादी वाचणे हे मला जमते. पाच वर्षांत एकोणीस नोंदी, बहुतेक रविवारच्या. पोचल्याची वेळ पाच-दहा, निघाल्याची पाच-एकवीस. पाच-पाच, पाच-अठरा. रविवारी पाच वाजता मी पुढच्या खोलीत खिडकीशी वाचत बसतो. फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज मला आठवत होता. कोणी आत येऊन बोलेल की काय, या भीतीने मी अशा वेळी पुस्तक जरा वर धरतो. हा उपाय एकोणीसपैकी एकोणीस वेळा यशस्वी झाला होता.

आमचे फाटक हिरवे आहे.

घरी येऊन मी बायकोला विचारले. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

“सात-आठ वेळा मी गेले होते फाटकाशी. वन्सं शेजारी बसलेल्या असायच्या. भावोजी म्हणायचे, वाचतोय तो, उठवू नका. गाडी मागे घेताना घासली तेव्हासुद्धा हळूच निघून गेले, तुमची तंद्री मोडेल म्हणून.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही ‘हो का’ म्हणालात आणि पान उलटलंत.”

पुस्तकाचा विषय त्याच्या नावावरून ठरवू नये, ते कशासाठी लिहिले आहे यावरून ठरवावा, हे मी चाळीस वर्षे नव्या उमेदवारांना शिकवले. मी ‘वाहने’ ही फाइल उघडली आणि सतरा ओळी पुन्हा वाचल्या. त्यात गाडीची माहिती फारशी नव्हतीच. मॉडेलसुद्धा लिहिलेले नव्हते. पोस्टमास्तरच्या बायकोला पत्र कसे लिहावे हे कळत नसेल, असे मानायला काही आधार नाही.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्याला दोन परिशिष्टे होती. दुसऱ्यात ‘खेद’ हा शब्द नऊ वेळा आला. बायको वाचून म्हणाली, “हे वाचून त्यांना वाटेल, तुम्हालाच काहीतरी झालंय.” तिसरा मसुदा टिकला. तो असा: ‘ताई, पत्र मिळालं. गाडीबद्दल काही विचारायचं नाही. मी येतो आहे.’

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाडी परत पोचवायला निघाला होता. मी त्याच्याबरोबर निघालो. बायको मागे बसली, तिने वन्संसाठी पिशवीभर काय काय घेतले होते ते मी विचारले नाही. ताईला जायला नऊ दिवस उरले होते. कोपऱ्यावर टपालपेटी दिसली तशी मी गाडी थांबवायला सांगितली.

“अहो, आपण तिथंच चाललोय ना?” मेकॅनिक म्हणाला. “हातात द्या की.”

मी त्याला समजावले, की पत्र टपालाने आले होते, तेव्हा उत्तर टपालानेच जायला हवे. (खरे कारण, हातात दिले तर ती माझ्यासमोर वाचेल.) पत्र तीन दिवसांनी पोचेल, आम्ही अडतीस मिनिटांत. उत्तर देणारा उत्तराच्या आधी पोचण्याचा हा प्रकार नियमात बसतो की नाही, याची मला अजूनही खात्री नाही.

आता वाचकांविषयी. गाडी शेवटी घेतली का, कितीला घेतली आणि लिटरला किती जाते, हे मी सांगितलेले नाही, हे तुमच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आलेच असेल. ज्यांना ते इथवर येऊनही जाणून घ्यायचे आहे, त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. त्यांनी मला जरूर लिहावे. फक्त त्याआधी, तुमचा चेहरा पुस्तकाआड असताना बाहेर कोणाची गाडी थांबते, तेवढे एकदा उठून पाहावे.

मी खाली उतरलो आणि पत्र पेटीत सोडले. आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून फटीत वाकून पाहिले.

“पडलं का?” मी विचारले.

“पडलं,” बायको काच खाली करून म्हणाली. “बसा आता.”