मामांचं घड्याळ जरा मागे होतं

घड्याळ दुरुस्त करणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. चार स्क्रू, पाच चाकं आणि एक स्प्रिंग, त्यात काय एवढं? मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहून, डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक चिमटे आणून मी घरातली सगळी बंद घड्याळं उघडली होती. ती अजूनही बंदच होती, पण आता स्वच्छ होती.

अशात बायकोचे मामा एका रात्रीसाठी मुक्कामाला आले. मामा म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. आल्या आल्या त्यांनी आमचा गळका नळ, मुलीचं अक्षर आणि माझं पोट यांवर शेरे मारले. त्यामुळे त्यांच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा जरा मागे आहे, हे दिसताच मला मनातून गुदगुल्या झाल्या. सर्व्हिसिंग करून देतो म्हणालो. मामांनी बजावलं, की सकाळी त्यांची गाडी आहे.

"अहो मामा, जेवणाआधी हातात देतो!"

चावीच्या घड्याळाची मुख्य स्प्रिंग आधी पूर्ण सैल करायची असते. प्रत्येक व्हिडिओत हे सांगितलेलं असतं, आणि मी नेमका तोच भाग कंटाळून पुढे पळवायचो. चाकांवरची पट्टी सैल केली मात्र, आतली सगळी चाकं सर्रकन फिरली आणि डाळीच्या दाण्याएवढं एक चाक उडालं ते उडालंच.

आम्ही गालिचा झटकला, सोफा उलथा केला, केरसुणीसुद्धा विंचरून पाहिली. मामा खुर्चीत बसून, आमच्या शोधण्यात शिस्त नाही असं सांगत होते. मी शब्दाचा पक्का. जेवणाआधी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. फक्त ते वाटीत होतं.

मामांनी वाटीत पाहिलं. "जावईबापू, घड्याळ घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही," असं शांतपणे म्हणून त्यांनी तिकीट रद्द केलं.

मामा राहिले. आधी पाहुणे म्हणून, मग मुख्याध्यापक म्हणून. स्वयंपाकाला रोज दहापैकी गुण मिळू लागले, आणि ते कधी पाचाच्या वर गेले नाहीत. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली, ती जेवायलाही घरी येईना. शेजाऱ्यांनी स्कूटर वाकडी लावली म्हणून मामांनी त्यांनाही झापलं, तेव्हापासून शेजारी माझ्याशी बोलत नाहीत. मी चाक मागवलं, ते भिंतीवरच्या घड्याळाचं आलं. त्यात मामांचं अख्खं घड्याळ बसलं असतं. शेवटी वाटी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्याकडे फक्त घड्याळं दुरुस्त होतात असं सांगून टाकलं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. मामा तिचे, पण दोष माझा.

"एक तर ते घड्याळ चालू होईल," ती म्हणाली, "नाहीतर मी चालू पडेन."

चाक सापडलं तिलाच. मामांचा स्वेटर धुवायला घेतला, तर ते खांद्याजवळच्या लोकरीत अडकलेलं. म्हणजे आम्ही घरभर रांगत होतो तेव्हा मामा ते खांद्यावर मिरवत आम्हाला शिस्त शिकवत होते. या वेळी मी व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत पाहिला, चाकं बसवली, चावी दिली. टिकटिक सुरू झाली. बायकोने डोळे पुसले. इतकी ती माझ्या बढतीलाही हलली नव्हती.

तिने लगोलग मामांची बॅग भरली. टॅक्सी दाराशी आली. मामांनी घड्याळ मनगटावर बांधलं, हात झुलवून पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि मला विचारलं, "किती वाजले हो?"

"घड्याळ आहे की हातात तुमच्या."

"हे?" मामा म्हणाले. "यातले एवढे बारीक काटे मला दिसतात कुठे? कित्येक वर्षं झाली. मनगट मोकळं असलं की चुकल्यासारखं वाटतं, म्हणून घालतो. चालू असलं काय नि बंद असलं काय."

बायकोने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मामांची बॅग उचलली आणि टॅक्सीची डिकी उघडायला धावलो. ड्रायव्हर म्हणाला, डिकी कशाला, बॅग पुढे मावेल. मी म्हटलं, बॅगेसाठी नाही, माझ्यासाठी.