पाच वाजता सुटणारी पिन

दत्ताराम केबलवाला बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधीच बघत नाही. त्याची नजर आपल्या डोक्यावरून दोन हात वर असते, कारण तिथून त्याची वायर गेलेली असते. मुलुंड पूर्वेच्या आमच्या रस्त्यावर वीसेक वर्षं तो असाच मान वर करून चालतोय. दोनदा उघड्या गटारात पडला. दुसऱ्या वेळी मी तिथेच होते. धावत गेले, तर आतूनच वर बघत म्हणाला, "वहिनी, तुमची वायर लोंबकळता हा."

मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, हा गच्च्यांवर. पूर्वी पलीकडच्या गल्लीतला ऑपरेटर याच्या वायरी कापायचा. दत्ताराम कापत नसे. तो त्याच्या वायरीला करकचून गाठ मारून यायचा. "कापली की दुश्मनी. गाठ मारली की नुसती मस्करी. आता तेच्या हिरोक दोन नाकां दिसतली," असं समाधानानं सांगायचा.

मला हा माणूस झेपायचा नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी, नोकरी सांभाळून. घरी आले की पाच मिनिटं शांत बसावं म्हणते, तर बरोबर पाच वाजता टीव्ही बंद. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा नक्की. माझ्या सासूबाई चहाचं आधण ठेवून फोन लावायच्या, "दत्ताराम, पिन सुटली रे." पलीकडून "इलंय, काकी." चौथ्या मिनिटाला हा दारात, चित्र सुरू. मग चहा, मग मालिका संपेपर्यंत मुक्काम. बघायचा मात्र टीव्हीच्या वरची भिंत.

"आमचीच पिन कशी सुटते हो रोज?" मी एकदा चिडून विचारलं.

"वारो," तो छताला म्हणाला.

यंदा वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. झाडांवरून, दिव्याच्या खांबांवरून, इमारतींमधून लोंबणाऱ्या विनापरवाना वायरी उतरवा, नाहीतर आम्ही कापू. त्याच आठवड्यात नव्या कंपनीचे लोक आले. त्यांचं फायबर जमिनीखालून, परवानगी हातात, वर तीन महिने फुकट. दत्ताराम परवान्यासाठी वॉर्ड ऑफिसात या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिला. परत आला तो घामाघूम.

"झाड एका खात्याचा, वहिनी. खांब दुसऱ्याचो, रस्तो तिसऱ्याचो. माजी वायर मधल्या हवेत हा. हवेचा खाता खंय बसता?"

मला हसू आलं. मग मीटिंग झाली, सगळे हात नव्या कंपनीसाठी वर गेले, आणि ना हरकत पत्रावर सही माझीच झाली. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

पालिकेची गाडी यायच्या आदल्या सकाळी दत्ताराम स्वतःच वायरी उतरवायला आला. "तेंका नुसता कापूक येता. माका सोडवूक येता," म्हणाला. गच्चीची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही वर गेले. टाकीच्या कडेला, जिथून घरोघरी वायरी जातात ती त्याची पेटी उघडी होती. चोवीस पिना. तेवीस गंजून, काळ्या टेपात गुंडाळून घट्ट बसलेल्या. एकच नवी असल्यासारखी चकचकीत, सारखी बोटं लागून गुळगुळीत झालेली. खाली आमच्या फ्लॅटचा नंबर.

म्हणजे पिन हाच सैल करायचा आणि फोन येईपर्यंत इथेच उभा राहायचा.

"दत्ताराम, हे काय?"

पहिल्यांदाच त्याची नजर वर नव्हती. चपलांकडे बघत तो म्हणाला, "पाच वाजले काय घरात बसवत नाय, वहिनी. बायको पाच वाजता च्या करी. ती गेल्यापासून भिंती खाऊक येतत." मग म्हणाला, "न बोलावता लोकांच्या घरात कसा जाऊचा? कंप्लेंट असली की माणूस हक्कान जाता."

मला माझी सही आठवली आणि लाज वाटली. त्यानं आमची पिन शेवटी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी नवं कनेक्शन सुरू झालं. चित्र आरशासारखं. पाच वाजत आले तशी मी उगाच दारापर्यंत जाऊन आले. स्वयंपाकघरात सासूबाईंनी आधण ठेवलं होतं, तीन कपांचं.

"आई, आता पिन सुटायची नाही हो," मी म्हटलं.

"माहितेय. तेव्हाही मी आधण आधी ठेवायचे आणि टीव्ही नंतर बंद पडायचा. मी काय इतकी वर्षं झोपले होते?"

त्यांनी रिमोट उचलला, चांगला चाललेला टीव्ही बंद केला आणि फोन लावला.

"दत्ताराम, पिन सुटली रे."

पलीकडून आवाज आला, "इलंय, काकी."

या वेळी चार मिनिटांत पोचला नाही. घरून चालत यायचं होतं ना. मी दार उघडं ठेवून उभी राहिले.