पारखींच्या अंगठ्याचे नख

पारखींनी डोळे मिटून घेतले होते आणि हात बायकोच्या हाती देऊन ते घडीच्या चाकूवर बोलत होते. हा त्यांचा आवडता विषय. बायकोचा तो नव्हता. पण आज नवऱ्याला चारचौघांत परीक्षक म्हणून बसायचे आहे, तेव्हा निदान नखे तरी माणसांत नेण्यासारखी असावीत, असे म्हणून ती नेलकटर घेऊन बसली होती. डाव्या हाताची नखे झाली, तसा तिने उजवा हात ओढून घेतला. पारखींचे तिकडे लक्ष नव्हते. ते स्प्रिंगवर आले होते.

"पातं उघडताना आधी काटकोनात थांबलं पाहिजे," ते सांगत होते. "क्षणभरच. मग पुढे. आणि शेवटी आवाज. मऊ नको, कर्कश नको. एकदाच, आणि विषय संपला असा!"

"हं," बायको म्हणाली.

कट् असा आवाज झाला.

"वा! अगदी असाच," पारखी म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

उजव्या अंगठ्याचे नख पाटावर पडले होते.

"अगं, हे काय केलंस?"

"नख कापलं. किती वर्षं सांगतेय, चादरी फाटतात त्यानं."

"मी चाकू उघडतो त्यानं!"

"मग बोलायचं नाही का तसं?"

"बोलतच होतो की मी!"

"ते चाकूबद्दल. नखाबद्दल कुठे काय म्हणालात?"



जुन्या घडणीच्या घडीच्या चाकूला बटण नसते. पाते मुठीत मिटून बसलेले असते आणि त्याच्या अंगावर एक बारीक खाच असते. तिच्यात अंगठ्याचे नख अडकवायचे आणि ओढायचे. स्प्रिंग चांगली असेल तर ती पाते सहजासहजी सोडत नाही, म्हणून नखही तसेच लागते. पारखींचे तसे होते. नोकरीत असताना ते दुकानदारांची वजनमापे तपासत. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही, तेव्हा ते चाकूंकडे वळले. चाकू करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा मानत. खाचेत नाणे किंवा किल्ली घालून चाकू उघडणाऱ्या एका परीक्षकाला त्यांनी स्वतः घरी बसवले होते. खाचेला ओरखडा म्हणजे चाकूचा अपमान, हा नियमही त्यांचाच.

आणि आजचा चाकू साधा नव्हता. गल्लीतल्या सर्वांत जुन्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, आपली कामाची बैठक सोडणार होते. खिडकीखालच्या त्या बैठकीवर पुढे कोणी बसायचे, त्यांच्या लेकीने की पुतण्याने, याचा निकाल चाकूवर लागणार होता. दोघांनी एकेक चाकू करायचा, नाव घालायचे नाही आणि पारखींनी एक निवडायचा. लेक हरली तर तिने काउंटरवर बसून विक्री बघायची, असे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकले होते.  हातात कानस नसली की तिला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळत नसे. पुतण्या हरला तर त्याने काय करायचे हे कोणी ठरवले नव्हते, कारण तो हरेल असे कोणाला वाटत नव्हते.

पारखी कारखान्यात शिरले ते उजवा हात खिशात घालूनच. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, गल्लीतले सगळे कारागीर जमले होते. टेबलावर फडक्यावर दोन चाकू होते. लेक आणि पुतण्या भिंतीशी उभे होते. स्पर्धकांनी चाकूला हात लावायचा नाही, हाही पारखींचाच नियम. आपण आयुष्यात इतके नियम का केले, असे त्यांना प्रथमच वाटले.

"आधी मिटलेला चाकू बघू," ते म्हणाले.

त्यांनी पहिला चाकू खिडकीच्या उजेडापुढे धरला. स्प्रिंग आणि मुठीच्या मधून उजेडाची एक रेघही येत नव्हती. मग दुसरा धरला. त्यातूनही येत नव्हती. त्यांनी चाकू कानाशी हलवले, गालाला लावले, तळहातावर जोखले, शिंगाच्या मुठीचा वास घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चहा येऊन गार झाला.

"याला म्हणतात तपासणी," मागे कोणीतरी पुटपुटले. "अजून उघडलासुद्धा नाही."

"आता उघडायचा ना?" दादांनी विचारले.

पारखींनी पहिला चाकू त्यांच्यापुढे धरला. "दादा, आज तुमचा दिवस. पहिला मान तुमचा."

दादा एकदम मागे सरले. "छे छे! परीक्षक तुम्ही. मी कसा हात लावू?"

"कारखाना तुमचा आहे."

"म्हणूनच नको. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं ढवळाढवळ केली."

"कोण म्हणेल? मी विनंती करतोय."

"आणि मी हात जोडतोय."

चाकू दोघांमध्ये बराच वेळ पुढेमागे होत राहिला. बघणाऱ्यांचे डोळे पाणावले. इतका विनय गल्लीत कोणी पाहिला नव्हता. शेवटी शेजारच्या कारागिराला राहवले नाही.

"द्या इकडे, मी उघडतो," तो म्हणाला. त्याने अंगठा लावला, तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. त्याने आपला अंगठा न्याहाळला. आयुष्यभर फिरत्या दगडावर पाती घासल्याने त्याचे नख मुळापर्यंत झिजून गेले होते. त्याने शेजाऱ्याकडे बघितले, शेजाऱ्याने आपली बोटे मुठीत मिटून घेतली. खोलीत एकाएकी सगळ्यांचे हात खिशात गेले.

आता सुटका नव्हती. पारखींनी उजवा हात बाहेर काढला आणि पहिला चाकू घट्ट धरला. अंगठ्याचे मऊ मांस खाचेवरून सरकले. पाते जागचे हलले नाही. त्यांनी श्वास रोखून पुन्हा जोर लावला. कानशिले लाल झाली, चष्मा नाकावर आला, आणि चाकू होता तसाच होता. लेकीने मान खाली घातली. पुतण्या आढ्याकडे बघत होता.

त्यांनी दुसरा चाकू घेतला. मुठीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक उथळ वळणदार खोबण होती, तिथे मिटलेले पाते उघडे पडत होते. मूठ सलग असली पाहिजे, असे पारखी नेहमी म्हणत. अशा चाकूला त्यांनी पूर्वी बाजूला सारले असते. पण त्या खोबणीत अंगठा आणि तर्जनी आपोआप बसली आणि चिमटीत पाते आले. ते काटकोनात क्षणभर थांबले, पुढे गेले आणि खट् असा आवाज झाला. एकदाच, आणि विषय संपला असा.

टाळ्या पडल्या. पारखींना मात्र घाम फुटला. आयुष्यात त्यांनी कधी खोटे माप चालू दिले नव्हते, आणि आता एका लेकराचे भवितव्य ते आपल्या कापलेल्या नखावर तोलत होते.

"थांबा," ते म्हणाले. "मला निकाल देता येणार नाही. पहिला चाकू मी उघडू शकलो नाही, यात त्या चाकूचा दोष नाही. माझ्या अंगठ्याला आज नखच नाही. सकाळी कापलं गेलं."

 मग शेजारचा कारागीर हळूच उठून उभा राहिला.

"मुद्दाम कापलंत," तो म्हणाला.

"नाही हो! बायकोनं..."

"इतक्या वर्षांचं नख! एका चाकूच्या परीक्षेसाठी!"

"अहो, ऐका तरी, मी बोलत होतो आणि तिनं..."

पण ऐकत कोणीच नव्हते. दादा पुढे आले होते. त्यांनी पारखींच्या हातातून दुसरा चाकू घेतला, मिटला, चिमटीत धरला आणि उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. मग त्यांनी आपला अंगठा सगळ्यांना दाखवला. नख मधोमध उभे चिरलेले होते.

"वर्ष झालं, नख टिकतच नाही," ते म्हणाले.  "वाढतं आणि फुटतं. गिऱ्हाइकाला म्हणायचो, तुम्हीच उघडून बघा. लोकांना वाटायचं, किती विश्वास! मी कुणालाच बोललो नव्हतो. स्वतःच्या कारखान्यातला चाकू आज वर्षानं माझ्या हातानं उघडला. कुणी केलाय हा?"

लेक दादांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. 

"ताईनं," पुतण्या म्हणाला. "माझा तो पहिला. काका, तो खरंच चांगला आहे हो. पण मला तुमचा अंगठा दिसला नाही. तिला दिसला."

दादांनी लेकीचा हात धरला, तिला खिडकीखाली नेले आणि बैठकीवर बसवले. तिने समोरची कानस उचलली, खाली ठेवली आणि मग ओंजळीत तोंड लपवून ती मनसोक्त रडली. तिथे कोरड्या डोळ्यांचा कोणी राहिला नाही. पारखींनीही चष्मा पुसला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचे खांदे पडलेले होते.

"मी खरं सांगत होतो," ते बायकोला म्हणाले. "पण सगळे एकच धरून बसले, की मी नख मुद्दाम कापलं. तू मुद्दाम केलं नव्हतंस, हे मला कुणाला पटवूनच देता आलं नाही."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली.

"मुद्दामच कापलं," ती म्हणाली.

"काय?"

"परवा दादांची लेक भेटली होती. बाबांच्या नखाचं सांगताना रडली. चाकूचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. म्हटलं, नख नसलेल्या माणसाला चाकू कसा वाटतो, ते परीक्षकाला कळलेलं बरं."

पारखी मटकन खाली बसले. वजनमापांची सगळी वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

"उद्या जाऊन सगळ्यांना खरं सांगून टाकतो," ते शेवटी म्हणाले.

"सांगा की," बायको म्हणाली आणि तिने पुढचा कपडा घेतला. "आजही सांगितलंतच ना?"