शब्दकोशातलं सफरचंद

शिकलेला माणूस शब्दकोश काखोटीला मारून हजामतीला आला, की कोणाची तरी बिनपाण्यानं होणार हे नक्की. पण एर्मेते न्हाव्याला हे उशिरा कळलं.

"उस्ताद," औषधवाल्या कालिस्तोनं खुर्चीत बसता बसता विचारलं, "केसांच्या या मलमाला पोमाता का म्हणतात?"

"बापही तेच म्हणायचा."

"अडाणी! पोमो म्हणजे सफरचंद. जुने लोक चरबीत सफरचंद घोटायचे, म्हणून पोमाता. तुमच्या डबीत कुठंय सफरचंद?"

खोरं सगळं सफरचंदांवर जगणारं. बाकावरची गिऱ्हाइकं चमकली.

"चरबी, मेण, सुगंध," एर्मेते पुटपुटला.

"म्हणजे वीस वर्षं डुकराची चरबी फासलीस?" म्हातारा फाउस्तो गरजला. वीस वर्षं तो त्याच डोक्यानं लग्नांत मिरवला होता, ते सोडा.

आठवड्यात दुकान ओस. गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या न्हाव्याकडे निघाली.

"घाल ना मेली सफरचंदं!" बायको इल्दे कडाडली. "चूल विझेपर्यंत खरं बोलणारेस?"

एर्मेतेनं अर्धं पोतं सफरचंदं चरबीत शिजवली. गिऱ्हाइकं परतली. रविवारी ग्रामसंताच्या मिरवणुकीत चाळीस डोकी अस्सल सफरचंदानं लखलखली.

गांधीलमाश्यांना शब्दकोश वाचावा लागला नाही. चौकात त्यांचा ढगच उतरला. खांदेकऱ्यांनी संताची मूर्ती रस्त्यात टेकवली आणि कारंज्यात उड्या मारल्या. सगळ्यात आधी पाद्रीबुवा. गार पाण्यानं चरबी थिजली, केसांचा दगड झाला.

सोमवारी एर्मेतेनं चाळीस डोकी तासली. इतका धंदा जन्मात झाला नव्हता. संध्याकाळी केर काढताना इल्दे म्हणाली, "आता नाताळापर्यंत कात्री कोणावर चालवणार? शेळीवर?"

मंगळवारी कालिस्तो आला. डोकं शाबूत, केस चकचकीत.

"तुम्हाला नाही चावल्या, साहेब?"

"छे! मी शहरातून डबी मागवतो. नुसती चरबी आणि मेण. शब्द शुद्ध असावा हो, पण डोक्याला काय लावायचं ते अकलेनं ठरवावं. थोडे कमी करा."

गावात केस असलेलं हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. एर्मेतेनं क्षणभर विचार केला. मग मशीन उचललं आणि कपाळापासून मानेपर्यंत सरळ एक पट्टा काढला.

बाराची घंटा झाली. त्यानं मशीन ठेवलं.

"जेवायची सुट्टी. उरलेलं उद्या."

"उद्या? मी असा बाहेर जाऊ?"

बाहेर चौकात चाळीस टकली उन्हात शेकत बसली होती. एर्मेतेनं अदबीनं दार उघडून धरलं.